मशीन आलं, पुढे काय? दवाखान्यातल्या यंत्रांकडे समाजशास्त्र कसं पाहतं

खानदेशात दवाखान्यातून परतलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न आजाराचा विचारत नाहीत. ‘सलाईन लावली का?’ असं विचारतात. नसेल लावली, तर त्या डॉक्टरचं काही खरं नाही. “बाटली बी लाई नई, मशीन बी लाई नई, मंग पैसा कसाना लिधा?” हा ओट्यावरच्या आजीचा रोकडा हिशेब.

त्या बाटलीत असतं काय? अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. जुलाबाने कोरड्या पडलेल्या, तोंडाने घोटभरही न घेऊ शकणाऱ्या माणसाचा ती जीव वाचवते. जुलाबाच्या बाकी बहुतेक रुग्णांचं काम मीठ-साखरेच्या पुडीवर भागतं. हे आजचं ज्ञान नाही. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून पाजायला लावलं. तीसेक टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. पन्नास वर्षं उलटली, तरी गावात मान बाटलीलाच.

डॉक्टर म्हणतात, लोकांना कळत नाही. लोक म्हणतात, डॉक्टर लुटतात. समाजशास्त्राचा अभ्यासक या दोघांच्या मध्ये स्टूल टाकून बसतो आणि बघत राहतो. त्याला दिसतं ते असं: बाटली टांगलेली असते, थेंब पडताना दिसतात, म्हणजे काहीतरी चाललंय हे रुग्णालाही दिसतं आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही. सलाईन लावली की खाट मिळते, दोन तास कोणी उठवत नाही. केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईला एरवी दिवसा दोन तास आडवं पडायची सोय कुठली? डॉक्टरला माहीत असतं, की आपण नाही लावली तर चौकापलीकडचा लावेल आणि हे घर कायमचं त्याच्याकडे जाईल. यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या जागेवरून शहाणपणानेच वागतोय, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र गरज नसताना लावलेली सलाईन अशी येते. ही बेरीज कशी होते, ते शोधणं म्हणजे वैद्यकीय तंत्रज्ञानाचं समाजशास्त्र.

या अभ्यासात तंत्रज्ञान म्हणजे एमआरआयसारखी कोट्यवधींची यंत्रंच असं नाही. सुई, केसपेपर, थर्मामीटर, आशाताईच्या मोबाइलमधलं अ‍ॅप, सगळं त्यात येतं. आणि दोन सोप्या समजुती इथे पहिल्याच दिवशी सोडाव्या लागतात. एक, ‘मशीन आलं की सगळं बदलतं’. दुसरी, ‘मशीन बिचारं निमूट असतं, चांगलं-वाईट माणूस करतो’. दोन्ही ऐकायला बऱ्या वाटतात आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली समजूत कशी लंगडी आहे, ते अमेरिकेतले अभ्यासक स्टीफन बार्ली यांनी 1986 साली छापलेल्या अभ्यासातून छान दिसतं. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दोन रुग्णालयांत एकाच सुमारास, अगदी एकसारखी सीटी स्कॅनची यंत्रं आली. बार्ली दोन्हीकडे महिनोन्‌महिने जाऊन बसले. कोण कोणाला हुकूम देतं, कोण विचारतं, कोण टोकतं, बटणाला हात कोण लावतं, हे टिपत राहिले. यंत्र तेच असूनही वर्षभरात दोन्ही विभागांची घडी निराळी बसली. एकीकडे तंत्रज्ञ बरेचसे निर्णय स्वतः घेऊ लागले, दुसरीकडे लगाम जास्त काळ डॉक्टरांच्याच हातात राहिला. सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे काही ठिकाणी डॉक्टरपेक्षा तंत्रज्ञाला जास्त कळत होतं. मग तो डॉक्टरला शिकवायचा, पण आपण शिकवतोय असं दिसू न देता. ज्याने तालुक्याच्या गावी नव्या डॉक्टरबरोबर जुना कंपाउंडर काम करताना पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या शास्त्राची पद्धत अशी साधीच आहे: बसणं, बघणं, लिहून ठेवणं, मग एकेकाला बाजूला घेऊन विचारणं, आणि कागद वाचणं. रजिस्टरचे कोणते रकाने भरलेले आहेत, कोणते वर्षानुवर्षं कोरे आहेत, कशावर खाडाखोड आहे, यातून मुलाखतीपेक्षा जास्त कळतं. यंत्र बंद पडतं तो दिवस तर अभ्यासकाची दिवाळीच. एरवी गुपचूप चाललेली सगळी कामं त्या दिवशी उघडी पडतात. कोणाला फोन जातो, कोण शिव्या खातं आणि कोणता पेशंट रिक्षाने जिल्ह्याला रवाना होतो, ते तेव्हा दिसतं.

इतिहासही लागतो. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक यांनी एका तरुण रुग्ण स्त्रीची छाती तपासताना थेट कान लावायचा संकोच म्हणून कागदाची सुरळी केली, आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. तोवर डॉक्टरची भिस्त रुग्णाच्या सांगण्यावर असायची. नळी आल्यावर रुग्णाने न सांगताही डॉक्टरला आजार ऐकू यायला लागला. आजही छातीला नळी लागली की आपल्याला पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘बोलू नका, श्वास घ्या’. आजाराबद्दल कोणाचा शब्द चालणार, हे तिथून हळूहळू सरकायला लागलं. पुढे एक्स-रे आला, रक्ताचे रिपोर्ट आले, आणि आता ‘मला त्रास होतोय’ म्हणणाऱ्या बाईला ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ असं उत्तर मिळतं आणि ती गप्प होते.

आता सातपुड्यात जाऊ, कारण तिथे हा सगळा मामला सगळ्यात गुंतागुंतीचा आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या चोपडा-यावल पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आढळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा आनुवंशिक दोष. आई-बाप दोघांकडून दोषी जनुक आलं तर आजार होतो, हातपाय ठणकतात, रक्त कमी होतं, वारंवार दवाखाना लागतो. एकाकडूनच आलं तर माणूस ‘वाहक’ असतो. त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशव्यापी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

तपासणी कशी होते, ते जवळून बघू. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर नळ्यांचं स्टँड. मुलीच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, हलवतात, पाच मिनिटं ठेवतात. नळीच्या मागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ‘पॉझिटिव्ह’. चाचणी स्वस्त, सोपी, विजेशिवाय होणारी. पण ती एक गोष्ट सांगूच शकत नाही: ही मुलगी आजारी आहे की नुसती वाहक? त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी दुसरी तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि तिचं यंत्र जिल्ह्याला किंवा त्याच्याही पुढे. नमुना जातो, रिपोर्ट येतो, मध्ये दिवस जातात.

वैद्यकाच्या दृष्टीने हे मधले दिवस म्हणजे निव्वळ उशीर. समाजशास्त्राच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथेच घडते. त्या मुलीचं नाव वहीत वेगळ्या रंगाने लिहिलं गेलेलं असतं. बाकावरच्या मैत्रिणींनी ते पाहिलेलं असतं. सुट्टीत ती पाड्यावर जाते तेव्हा तिच्या आधी बातमी पोचलेली असते. दुसरा रिपोर्ट ‘वाहक’ म्हणून आला, तरी सोयरीक बघायला येणाऱ्यांना ‘वाहक’ आणि ‘आजारी’ यातला फरक कोण समजावणार? रक्ताची चाचणी करता करता लग्नाच्या बाजारातलं एक प्रमाणपत्र तयार होतं, आणि ते कोणी छापायचं ठरवलेलं नसतं.

हे भविष्य सांगणं नाही, असं घडून गेलेलं आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलची तपासणी झाली, समुपदेशनही झालं. 1970 च्या दशकात अभ्यासकांनी पाहिलं, तर वाहकांवर ठपका बसला होता आणि काहींनी लग्न ठरवताना हे लपवलं होतं. अमेरिकेत त्याच दशकात कृष्णवर्णीयांच्या तपासण्यांची लाट आली. वाहकांना विमान कंपन्यांत नोकऱ्या नाकारल्या गेल्या, तिथल्या हवाई दलाच्या अकादमीनेही त्यांना दार बंद केलं. ते 1981 साली उघडलं. दोन्हीकडे नळीने सांगितलं ते बरोबरच होतं. त्याचं पुढे काय करायचं, ते नळीबाहेर ठरलं.

अजून एक बाजू आहे आणि ती तितकीच महत्त्वाची. तपासणीच नसेल तर आजार दिसतच नाही. इतिहासकार कीथ वायलू यांनी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरावर काम केलं. त्यात दिसतं, की मलेरियाच्या मुलखात सिकलसेलची दुखणी कित्येक वर्षं मलेरियाच्याच खात्यात जमा होत राहिली. सातपुड्यातही ‘हिवताप असेल’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलेल्या पोरांच्या कहाण्या ऐकायला मिळतात. तेव्हा ‘तपासणीच नको’ असा शेरा मारून हात झटकणं म्हणजे शुद्ध पळवाट. माझ्या मते प्रश्न तपासणीचा नाहीच, तो वहीचा आहे. ती कोणाच्या ताब्यात, नाव कोणाला दिसतं, दुसरा रिपोर्ट कोण, कोणत्या भाषेत, कोणाच्या समोर वाचून दाखवतं? अभियानाच्या खर्चाच्या तक्त्यात नळ्या मोजता येतात; पावरी बोलणारी, घरात बसून तासभर समजावणारी बाई तितकी सहज मोजता येत नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर अ‍ॅपकडे वळू. फ्रान्सच्या समाजशास्त्रज्ञ मादलेन आक्रिश यांनी 1992 साली एक उपयोगी कल्पना मांडली: प्रत्येक वस्तूत तिच्या कर्त्याने एक संहिता लिहून ठेवलेली असते. ही वस्तू कोण वापरेल, कुठे, कशी, हे त्याने मनाशी धरलेलं असतं. त्यांनी अभ्यासलेलं उदाहरण आफ्रिकेत पाठवलेल्या सौर दिव्यांच्या संचाचं. लोकांनी खोडसाळपणा करू नये म्हणून वायरची लांबी ठरावीक ठेवली, जोडण्या बाजारात न मिळणाऱ्या ठेवल्या. परिणाम असा, की बिघडल्यावर गावातला इलेक्ट्रिशियनही हात लावू शकेना.

हाच चष्मा लावून आरोग्याच्या नोंदीचं एखादं अ‍ॅप उघडा. ते धरून चालतं, की नेटवर्क आहे, फोन चार्ज आहे, घराला पत्ता आहे, घरातल्या बाईला स्वतःचा मोबाइल नंबर आहे, आणि जन्मतारीख कागदावर आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात यातलं काय काय असतं? घरं दूर दूर टेकड्यांवर विखुरलेली, पाड्याचं नाव सरकारी यादीत वेगळं आणि लोकांच्या तोंडी वेगळं. नंबरचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून आशाताई स्वतःचा नाहीतर नवऱ्याचा नंबर टाकून मोकळी होते. मग जिल्ह्याच्या पडद्यावर एकाच नंबरच्या अकरा गरोदर बाया दिसतात आणि साहेब विचारतात, ‘हा काय घोळ?’ तोवर ताईने तीच माहिती कागदी रजिस्टरातही उतरवलेली असते, कारण फोनवर तिचाच भरवसा नसतो. काम कमी करायला आलेल्या अ‍ॅपने तिचं लिहिणं दुप्पट केलं, ही गोष्ट कोणत्याही अहवालाच्या आलेखात उमटत नाही. तिच्याबरोबर पाड्यापर्यंत चालत जाणाऱ्यालाच ती कळते.

सगळ्याच वस्तू अशा वरून खाली हुकूम सोडत नाहीत. लसीच्या कुपीवरचा छोटा गोल ठिपका पाहिलाय? गडद वर्तुळात फिका चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका झाला की कुपी टाकून द्यायची. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, आणि भुसावळचा मे महिना तर पंचेचाळिशी गाठतो. पूर्वी वीज गेली, बर्फ वितळला, की लस चांगली की वाया गेलेली हे ठरवायला सिस्टरकडे वरून आलेल्या नियमाशिवाय काही नव्हतं. ठिपका आला आणि झाडाखाली बसलेल्या सिस्टरला स्वतः बघून ठरवता यायला लागलं. इवलासा कागद, पण निर्णय कार्यालयातून पाड्यावर आला. समाजशास्त्र नेहमी रडगाणंच गातं, असा ज्यांचा ग्रह आहे त्यांनी हा ठिपका लक्षात ठेवावा.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर महाराष्ट्रात पुष्कळ बोललं गेलंय. धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावरून ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ती 1950 च्या दशकात पोटापर्यंत आणली. आपल्याकडे ती आली आणि मुलगा-मुलगी बघायला वापरली गेली. महाराष्ट्राने 1988 साली देशात सगळ्यात आधी कायदा केला, केंद्राचा 1994 साली आला. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे 2001 च्या 913 वरून 2011 साली 894 वर घसरलं, आणि जळगाव जिल्हा या सरासरीच्याही खाली होता. ‘मशीन निमूट असतं’ ही दुसरी समजूत इथे कोसळते. मुलगी नको असणं जुनंच. पण ती इच्छा गुपचूप, दहा मिनिटांत, डॉक्टरच्या खोलीत पुरी करायची सोय मशीनने दिली. आणि हुंडा, जमीन, वंशाचा दिवा हे सगळं नसतं, तर तेच मशीन बाळाच्या ठोक्यांवर थांबलं असतं. पुढे कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवायला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं दुसरं यंत्र बसवलं गेलं. यंत्रावर पहारा यंत्राचा!

करोनात नंदुरबारची बातमी देशभर झाली. दुसऱ्या लाटेआधीच जिल्ह्याने हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प उभे केले होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड हे स्वतः याच भागातले आणि डॉक्टर. बातम्यांत प्रकल्पाच्या टाक्यांचे फोटो आले. मला त्याहून मोलाची वाटली ती ‘ऑक्सिजन नर्स’. खाटांमधून फिरत राहायचं, प्रत्येकाची पातळी बघायची, गरजेपेक्षा जास्त सुटलेली नळी कमी करायची, जेवताना मास्क काढलेल्याचा प्रवाह बंद करायचा, एवढंच तिचं काम. त्याने वाया जाणारा ऑक्सिजन वाचला आणि राज्याने हा नंदुरबार पॅटर्न उचलला. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ अँसेल्म स्ट्रॉस यांनी सहकाऱ्यांबरोबर 1985 साली रुग्णालयातल्या कामाची फोड केली, त्यात ‘यंत्राची देखभाल’ हा स्वतंत्र कामाचा प्रकार धरला होता, आणि ‘रुग्णाला धीर देणं’ हाही. ही कामं झाली तर दिसत नाहीत, न झाली तरच दिसतात. नंदुरबारने त्यातल्या एका कामाला नाव आणि माणूस दिला, हे त्याचं वेगळेपण.

त्याच काळात घराघरांत ऑक्सिमीटर पोचला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं तो बोटाला लावत फिरली. बोटातून प्रकाश पाठवून तो आकडा काढतो, आणि मध्ये त्वचा येते. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिमीटरने 92 ते 96 दाखवलेल्या रुग्णांचं रक्त थेट तपासलं. खरी पातळी 88 च्या खाली असलेले रुग्ण गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के निघाले आणि कृष्णवर्णीयांमध्ये 11.7 टक्के. यंत्र कोणाच्या बोटावर तपासून बाजारात आलं, हा प्रश्न तेव्हापासून अमेरिकेत औषध नियंत्रकांच्या टेबलावर आहे. उन्हात रापलेल्या बोटांच्या आपल्या मुलखात तो कोणाच्या टेबलावर आहे?

सध्या नव्या अभ्यासकाला मी विषय सुचवीन तो क्षयरोगाच्या एक्स-रेचा. डिसेंबर 2024 मध्ये देशात क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरू लागली आहेत. त्यांचे फोटो संगणक वाचतो आणि क्षयाची शक्यता सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरच्यांसाठी अशा वाचनाला 2021 सालीच मान्यता दिली. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तिथे ही मोठीच सोय. अभ्यासकाने फक्त शाळेच्या त्या खोलीत दिवसभर बसावं, जिथे फोटो काढतात. पडद्यावर ‘संशयित’ असं उमटल्यावर तंत्रज्ञ ते रुग्णाला सांगतो की लपवतो? थुंकीची डबी हातात देताना काय बोलतो? संगणक ‘संशयित’ म्हणाला, पण खोकला नसलेला, धडधाकट दिसणारा कापसाचा व्यापारी हसून निघून गेला, तर त्याला थांबवतं कोण? आणि उलट, संगणक ‘ठीक’ म्हणाला, पण गळून गेलेल्या म्हातारीकडे बघून सिस्टरच्या पोटात कालवलं, तर तिच्या त्या शंकेसाठी फॉर्मवर रकाना आहे का?